इस्पितळाची वही आणि घरबसल्या कारागिरी

व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मुलगा किंवा मुलगी दिवसभर घरात संगणकापुढे बसलेली असते. विचारले तर "इस्पितळाच्या सॉफ्टवेअरचे काम आहे, बॅक-एन्डचे" असे उत्तर मिळते. ना दुकान, ना कारखाना, ना सकाळची लोकल. माल डोळ्यांना दिसत नाही, गिऱ्हाईक दारात येत नाही, आणि महिनाअखेरीस बँकेत पैसे मात्र जमा होतात. ज्यांचे आयुष्य कापड मोजण्यात, लाकूड रंधण्यात किंवा भट्टी सांभाळण्यात गेले त्या वडीलधाऱ्यांना हे सारे संशयास्पद वाटले तर नवल नाही. हा धंदा आहे तरी काय, त्यात मुलाला घालावे की नाही आणि घालायचे तर काय पाहून, याचा विचार येथे आपल्या नेहमीच्या खतावणीच्या भाषेत करू.

मुंबईत या प्रश्नाला दिंडोशीसारखी दुसरी योग्य जागा नसेल. मालाड पूर्व आणि गोरेगाव पूर्व यांच्यामध्ये पसरलेली ही वस्ती. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला द्रुतगती महामार्ग. मृणालताई गोरे यांच्या नागरी निवारा परिषदेची घरे येथेच आहेत आणि कुरार, पठाणवाडीकडच्या दाट चाळीही येथेच. गोरेगावचे नेस्को आयटी पार्क, मालाड पश्चिमेचे माइंडस्पेस, अंधेरीचे १९७३ पासूनचे सीप्झ अशी संगणक-कामाची मोठी ठाणी येथून हाकेच्या अंतरावर म्हणावीत इतकी जवळ. २०२२ साली मेट्रो ७ चे दिंडोशी स्थानकही सुरू झाले. म्हणजे ज्या काळात कचेरीत जाणे सोपे झाले, नेमक्या त्याच काळात काम स्वतः उठून घरी आले.

याला २०२० साल कारणीभूत आहे. त्या वर्षी २५ मार्चला केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे, म्हणजे टेलिमेडिसिनचे, मार्गदर्शक नियम जाहीर केले. रुग्णाला फोनवर किंवा व्हिडिओवर पाहून औषध लिहून देण्याला रीतसर चौकट मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दूरसंचार विभागाने घरून सेवा देण्यावरील जुनी बंधने बरीचशी उठवली. त्याआधी अशा कंपन्यांना नोंदणी, बँक हमी यांचे लचांड मागे लागत असे. डॉक्टर पडद्यावर आला आणि कारकून घरी बसू शकला. दोघांच्या मधली वही मात्र कोणीतरी सांभाळायला हवी होती.

आता बॅक-एन्ड म्हणजे काय ते पाहू. मिठाईच्या दुकानात पुढे काचेचे कपाट, दिवे, हसतमुख पोऱ्या. मागे भट्टी, कढई, गोदाम आणि मुनीमजींची वही. गिऱ्हाईक पुढचे पाहते, पण धंदा मागच्या खोलीत ठरतो. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. इस्पितळाच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनाला किंवा मोबाइलवर नंबर लावणाऱ्या रुग्णाला जो पडदा दिसतो तो पुढचा भाग. नाव टाकून बटण दाबल्यावर ते नाव कुठे लिहिले जाते, कोणत्या नंबरखाली, आधीचा रुग्ण असेल तर त्याचे जुने पान कसे निघते, बिल कसे बनते, औषधाच्या साठ्यातून गोळ्या कशा कमी होतात, हे सारे मागच्या खोलीतले काम. ते करणारा कारागीर म्हणजे बॅक-एन्ड डेव्हलपर. तो रोज वही लिहीत नाही. वही आपोआप बरोबर लिहिली जाईल अशी व्यवस्था बांधतो.

ऐकायला सोपे वाटते. खोच कुठे आहे ते एक-दोन उदाहरणांवरून कळेल.

रुग्णाच्या नातलगाने खिडकीवर पैसे भरले. पावती येण्याआधीच इंटरनेट तुटले. कारकुनाने पुन्हा बटण दाबले. आता एकाच रकमेच्या दोन पावत्या फाटल्या, तर संध्याकाळी रोजमेळ जुळणार नाही आणि गरीब माणसाच्या खात्यावर दुप्पट वसुली दिसेल. चांगला कारागीर यासाठी प्रत्येक मागणीला स्वतःचा एक नंबर देतो. दुसऱ्यांदा तोच नंबर आला की सर्व्हर ओळखतो, नवी पावती फाडत नाही, जुनीच परत दाखवतो. किंवा औषधाच्या काउंटरचे घ्या. इंजेक्शन दिले की तीन ठिकाणी नोंद व्हायला हवी: साठा एकाने कमी, बिलात रक्कम जास्त, रुग्णाच्या कागदावर औषध दिल्याची खूण. तिन्ही झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. दोन झाल्या आणि मध्येच वीज गेली तर नर्स दुसऱ्यांदा तेच इंजेक्शन देऊ शकेल. जमा-नावे दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मुनीम वही मिटत नाही, तोच हा नियम.

घड्याळाचा घोळ तर फारच गमतीचा आणि तितकाच घातक. पुष्कळ सर्व्हर लंडनच्या हिवाळी घड्याळाइतका जागतिक वेळ मानून चालतात. तो आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे. मुंबईत रात्री एक वाजता दिलेल्या औषधाची नोंद तेथे आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसातची पडते. कारागिराने हा हिशेब धरला नाही तर सकाळी फेरीवर आलेल्या डॉक्टरला औषध कालच्या तारखेला दिलेले दिसेल.

खाडाखोडीबाबत जुन्या पेढ्यांची शिस्तच येथे कामाला येते. चुकीची नोंद खोडायची नाही. तिच्यावर रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहायची, कोणी केली आणि केव्हा केली तेही. रुग्णाला पेनिसिलिन चालत नाही अशी नोंद कोणी पुसून टाकली आणि मागमूस राहिला नाही, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. पुसणारी वही या नियमात बसत नाही.

पण या सगळ्यापेक्षा अवघड काम आहे माणूस ओळखण्याचे, आणि येथे आपल्या घरच्या मुलांना एक नैसर्गिक फायदा आहे असे आमचे मत आहे. इंग्रजीत शेख हे आडनाव चार तऱ्हांनी लिहितात. मोहम्मद कुठे पूर्ण लिहिलेले, कुठे नुसत्या दोन अक्षरांत, कुठे चार अक्षरांत. एकाच बाईचे नाव माहेरच्या कागदावर खातून, सासरी बेगम, रेशनकार्डावर नुसते बी. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांवर सरसकट १ जानेवारी. आता विचार करा. एकाच मोहल्ल्यातले, एकाच वयाचे, एकाच नावाचे दोन इसम एका दवाखान्यात गेले आणि संगणकाने त्यांना एकच समजून दोघांची पाने एकत्र शिवली, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर चढेल. उलट एकाच माणसाची तीन पाने झाली, तर त्याचा मधुमेह एका पानावर आणि हृदयाचे औषध दुसऱ्या पानावर राहील. नाव जुळवण्याचा नियम लिहिणाऱ्याला हे नामवैविध्य माहीत नसेल तर तो फसतो. पठाणवाडीत वाढलेल्या मुलाला ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. तो सांगेल की नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका, फोन नंबर, वडिलांचे नाव, पत्ता हे सारे पडताळा, आणि शंका असेल तेथे संगणकाने स्वतः निर्णय न घेता खिडकीवरच्या माणसाला विचारावे.

सरकारने यासाठी २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. त्यात माणसाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. व्यवस्थेचा गाभा असा की कागद ज्या इस्पितळाचे त्याच्याकडेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. या जाळ्याला जोडले जायचे तर इस्पितळाचे सॉफ्टवेअर तसे बदलून घ्यावे लागते. लहान नर्सिंग होम, प्रयोगशाळा, दवाखाने या सर्वांपुढे हे काम आहे. परदेशच्या गिऱ्हाइकाकडे पाहण्याआधी गल्लीतल्या गिऱ्हाइकाकडे पाहावे, ते यासाठी.

आता घरून काम करण्याचा खरा प्रश्न. समजा, कुरारच्या चाळीत दहा बाय पंधराची खोली आहे. आई शिवणाच्या मशीनवर, वडील दुपारी विश्रांतीला, धाकटी अभ्यासाला आणि थोरला संगणकापुढे. त्याच्या हाताखाली एखाद्या इस्पितळाच्या हजारो रुग्णांची वही आहे. शेजारच्या चाची येऊन सहज म्हणतात, "बेटा, तुझ्याच इस्पितळात आमच्या सुनेची तपासणी झाली, जरा बघ ना रिपोर्ट काय आलाय." मोहल्ल्यात अशा वेळी नाही म्हणणे जड जाते. परंतु त्याने ते पान उघडले तर त्याची नोकरी त्याच दिवशी जाऊ शकते, कारण कोणी कोणते पान केव्हा उघडले याची नोंद वही स्वतःच ठेवते. आणि नोकरीचे सोडा, सुनेचा रिपोर्ट ही सुनेची अमानत आहे. तो सासूला दाखवायचा की नाही हे तिने ठरवायचे. घरच्यांनी हे आधीच समजून घेतले तर मुलाचे निम्मे ओझे उतरते. चाचींना आईनेच सांगावे की त्याला बघता येत नाही.

म्हणूनच चांगल्या कंपन्यांत अशी रीत असते की कारागिराच्या घरी खऱ्या रुग्णांची वही येतच नाही. त्याला खोट्या नावांचे, खोट्या आजारांचे नमुने देतात. त्यावर तो व्यवस्था बांधतो, तपासतो आणि तयार माल पाठवतो. खऱ्या वहीपर्यंत जायचेच झाले तर दोन कुलपे असलेल्या दाराने, कारण सांगून आणि थोड्या वेळापुरते. ज्या ठिकाणी मालक पहिल्याच दिवशी सगळ्या रुग्णांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवून "यावर काम कर" म्हणतो, तेथून मुलाने नम्रपणे उठून यावे. उद्या यादी बाहेर फुटली तर बोट त्याच्याकडेच जाईल. २०११ च्या नियमांपासून वैद्यकीय कागद हे कायद्याने संवेदनशील मानले गेले आहेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहितीची सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचे काम असेल तर तेथला १९९६ चा हिपा कायदा करारातून आपल्या दारापर्यंत येतो.

वही बुडाली तर काय होते ते दिल्लीने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. देशातल्या एका अग्रगण्य सरकारी इस्पितळात नोंदणी, बिले, तपासण्यांचे रिपोर्ट पुन्हा कागदावर आले, आणि हे सुमारे दोन आठवडे चालले. पुढे सरकारने संसदेत सांगितले की जाळ्याचे वेगवेगळे कप्पे नीट केलेले नव्हते. मात्र रुग्णांची वही वाचली, कारण एक राखीव प्रत अशा सर्व्हरवर होती जिथपर्यंत हल्लेखोर पोहोचला नव्हता. गोदामाला आग लागली तरी दुसऱ्या मोहल्ल्यात ठेवलेला माल वाचतो, इतकी साधी गोष्ट. पण ती प्रत नियमाने घेणे आणि महिन्यातून एकदा उघडून पाहणे, हे कंटाळवाणे काम कोणीतरी करावे लागते. ते बॅक-एन्डवाल्याच्याच वाट्याला येते.

शिकायचे कसे? महागड्या क्लासची गरज नाही, असे आम्ही स्पष्ट सांगतो. जुन्या वाचकांना आठवत असेल, २००० सालाच्या आसपास मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची लाट आली होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांचे बोलणे ऐकून टंकलिखित करायचे. गल्लोगल्ली शिकवणी केंद्रे निघाली, हजारोंनी फी घेतली आणि लाट ओसरल्यावर त्यांतली बरीच पाट्या उतरवून गेली. आता तेच टंकलेखन यंत्र करते. सॉफ्टवेअरचा साधा भागही यंत्र लिहून देऊ लागले आहे, हे मुलांपासून लपवू नये. नुसते कोड टाइप करता येणाऱ्याचे दिवस कठीण आहेत. इस्पितळाचा कारभार समजून व्यवस्था बांधणाऱ्याला आणि यंत्राने लिहिलेल्यातली चूक पकडणाऱ्याला मागणी राहील असे दिसते.

उस्तादाचा कारखाना येथे उघडा आहे. ओपन-एमआरएस नावाचे इस्पितळी नोंदवहीचे सॉफ्टवेअर २००४ पासून बनत आले आहे. आफ्रिकेतील केनियासारख्या देशांतल्या दवाखान्यांसाठी ते सुरू झाले आणि त्याचा सगळा कोड कोणालाही फुकट वाचता येतो. त्याच्याच पायावर उभारलेले बहमनी आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या गनियारी येथील जन स्वास्थ्य सहयोगच्या इस्पितळात वाढले. गरीब खेड्यांतल्या रुग्णांसाठी, कमी पैशांत चालेल असे. शिकाऊ मुलाने हे स्वतःच्या संगणकावर बसवावे, चालवावे, उघडून पाहावे, एखादी लहान दुरुस्ती करून पाठवावी. ती स्वीकारली गेली तर तिची नोंद त्याच्या नावावर राहते आणि कोणताही मालक ती पाहू शकतो. प्रमाणपत्रापेक्षा हातचा नमुना बोलतो, हे कारागिरांना समजावून सांगायला नको. सरकारच्या डिजिटल मिशननेही सरावाचे आवार ठेवले आहे. भाषा म्हणून जावा किंवा पायथन यांपैकी एक पक्की करावी आणि त्याआधी डेटाबेसची एसक्यूएल. आणखी एक, ज्याला पैसा लागत नाही: मालाड पूर्वेच्या म. वा. देसाई महापालिका रुग्णालयात कोणा नातलगाबरोबर जायची वेळ आली तर केसपेपरच्या रांगेत डोळे उघडे ठेवून उभे राहावे. रांग कुठे अडते, कारकून काय दोनदा विचारतो, कोणता कागद हरवतो, हे जो टिपतो तो या धंद्यात पुढे जातो.

मुलींसाठी हे काम सोयीचे आहे, यात शंका नाही. पण सोयीचे म्हणून ते फावल्या वेळचे समजले जाते, ही चूक आहे. तिचे आठ तास हे दुकानावरच्या आठ तासांइतकेच मोजले पाहिजेत. मध्येच रोट्या लाटायला उठवले की धागा तुटतो आणि तुटलेल्या धाग्यातूनच वर सांगितलेल्या दोन पावत्यांसारख्या चुका होतात.

मिळकतीच्या तीन वाटा आहेत. भारतीय कंपनीची पगारी नोकरी, मधल्या कंपनीमार्फत ठोक काम आणि परदेशी गिऱ्हाइकाचे थेट काम. पहिलीत पैसा कमी पण निर्धास्त. तिसरीत पैसा जास्त, पण उधारी बुडाली तर न्यूयॉर्कला जाऊन तगादा कोण लावणार? म्हणून सुरुवातीला दोन आठवड्यांचे लहान काम घ्यावे, त्याचे पैसे हाती आल्यावरच मोठे घ्यावे. रक्कम बँकेतूनच यावी आणि परकीय चलन आल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. निर्यात सेवेवर कर भरावा लागू नये म्हणून आधी हमीपत्र द्यावे लागते. बाकी तपशील आपल्या कर सल्लागाराला विचारावा.

कराराचे मात्र प्रत्येक पान वाचावे. एक कलम बहुधा मागच्या पानावर असते: माहिती फुटल्यास होणारी सर्व नुकसानभरपाई काम करणाऱ्याने द्यावी. मोठ्या इस्पितळाचे नुकसान कोट्यवधींचे असू शकते, आणि सही करणारा असतो चाळीतला पंचविशीचा तरुण. ही जबाबदारी त्याला मिळालेल्या मेहनतान्याइतकीच मर्यादित करून मागावी. मागितल्यावर पुष्कळ गिऱ्हाइके ते मान्य करतात; जो अजिबात ऐकत नाही त्याचे काम सोडलेले बरे. आणि काम देण्याआधी अनामत, किट किंवा ट्रेनिंगच्या नावाने पैसे मागणारा मालक नव्हेच. मजुरी देणारा मजुराकडून पैसे घेत नाही.

घरात दोन गोष्टींची सोय लागते. पावसाळ्यात वीज गेली तर तीन-चार तास चालेल असा इन्व्हर्टर आणि इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या, त्यांतली एक मोबाइलची चालेल. संगणकाचा पडदा दाराकडे नको, भिंतीकडे असावा.

वेळेचा हिशेब आधीच करून ठेवावा. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. वर्षातून दोनदा तेथले घड्याळ सरकते आणि त्या आठवड्यात बैठक चुकते. आखाताचे काम या बाबतीत सुखाचे. सौदी आपल्यामागे अडीच तास, अमिराती दीड तास. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी काम चालू. अमिरातीने मात्र १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस असे केले आहे. दोन्हीकडची गिऱ्हाइके एकदम घेतली तर आठवड्यातला फक्त शनिवारच पूर्ण मोकळा उरतो, तेव्हा पहिल्या वर्षी एकाच देशाचे काम घ्यावे.